नव्वद सालची शिकार

निवडणूक आटोपली, म्हणून पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक हेरंब शितोळे शनिवारी सकाळी परत घेऊन आला. दर निवडणुकीला हे असतंच. लायसन्सवाल्यांनी बंदुका नेऊन द्यायच्या, पावती सांभाळायची, मतमोजणी झाली की रांगेत उभं राहून आपलीच वस्तू आपल्याला मिळाली म्हणून सही करायची. या खेपेला सोबत उत्कर्ष आला होता, त्याचा मुलगा, नुकतंच सोळावं लागलेला. बडोद्यातल्या हरणीच्या सोसायटीत लिफ्टमध्ये दोघे शिरले आणि दार मिटता मिटता तिसऱ्या मजल्याच्या कांचनबेन भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. त्यांनी हेरंबच्या खांद्यावरच्या लांबट खोळीकडे पाहिलं आणि विचारलं, शुं लाव्या, क्रिकेटनी किट? या प्रश्नाला हेरंबचं उत्तर गेली बारा वर्षं तयार होतं. सोसायटी सगळी शाकाहारी. रविवारी मटण शिजायचं तर त्याची बायको मोहना आधी खिडक्या लावून घेई आणि मगच कांदा टाकी. अशा ठिकाणी बंदुकीची बात कशाला? म्हणून कधी तो म्हणे कॅमेऱ्याचा स्टँड, कधी म्हणे पडद्याचा दांडा. पण आज त्याचं तोंड उघडण्याआधीच उत्कर्ष म्हणाला, “बंदूक छे, आंटी. दादाजीनी.” कांचनबेन हसल्या, चेष्टाच समजल्या असाव्यात, आणि तिसऱ्यावर उतरून गेल्या. हेरंबला मात्र कुणीतरी मागून हाक मारावी तसं झालं. पोराचा आवाज महिन्याभरापूर्वी फुटला होता, आणि आता लिफ्टमध्ये जो आवाज बोलला तो तात्यासाहेबांचा, हेरंबच्या वडिलांचा होता. तोच ठसका, तेच शेवटचं अक्षर तोडून टाकणं. सातवा मजला येईपर्यंत हेरंब पोराच्या मानेकडे बघत राहिला आणि त्याला एकदम इतकं थकल्यासारखं वाटलं, की लिफ्ट थांबल्यावर दोन क्षण तो बाहेरच पडला नाही.

थकवा तसा नवा नव्हता. हेरंब एका रसायनाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. सत्तावीस वर्षं झाली. न झालेल्या अपघातांचे कागद भरणं हे त्याचं मुख्य काम. पाना निसटला पण कुणाला लागला नाही, झडप गळाली पण कुणी तिथे नव्हतं, असं सगळं लिहून ठेवायचं, का घडलं, काय घडू शकलं असतं, कोण जबाबदार. जे झालंच नाही त्याचा विचार करण्याची माणसाला एकदा सवय लागली की घरीही ती सुटत नाही. जेवताना, दात घासताना, अलकापुरीच्या सिग्नलला लाल दिवा मोजताना, त्याच्या डोक्यात काहीतरी न झालेलं चाललेलंच असे. आणि सगळ्यात जुनं न झालेलं म्हणजे नव्वद सालची शिकार.

आता शितोळ्यांच्या घराची गोष्ट अशी, की हेरंबचे आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात होते. ते वारले, संस्थान गेलं, शिकारखाना गेला, नंतर शिकारीवर बंदी आली. उरलं काय, तर एक दुनळी बंदूक, दिवाणखान्यातल्या भिंतीवरची दोन मुंडकी, आणि एक रीत. घरातला मुलगा सोळाव्यात आला की बापाने त्याला जनावरापुढे न्यायचं, पहिली गोळी त्याने झाडायची, आणि पडलेल्या जनावराच्या रक्ताचा टिळा बापाने अंगठ्याने मुलाच्या कपाळी लावायचा. मुंडकी कसर लागून गेली. रीत राहिली. तात्यासाहेब आयुष्यभर कचेरीत कारकुनी करत राहिले, सायकलवरून जात, डबा नेत. पण दसऱ्याला पाहुणे जमले की त्यांची मान ताठ होई आणि ते सांगत, आमच्या हेरंबने पहिल्या गोळीत नर पाडला. पंचवीस पावलांवर. छातीत. पुढचा पाय उचलायलासुद्धा जनावराला सवड मिळाली नाही. ही गोष्ट बडोद्यातल्या सगळ्या मराठी घरांत एकदा तरी सांगून झाली होती. हेरंबच्या लग्नात मोहनाच्या वडिलांनाही ती सांगितली गेली, आणि स्थळ पक्कं व्हायला नोकरीइतकीच ती कामी आली असं मोहना अजून हसून म्हणे.

आणि त्या दिवशी झालं होतं ते एवढंच. वाघोडियाच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या शेतात रोझ पिकं खात होते. रोझ म्हणजे नीलगाय, इकडे सगळे तेच म्हणतात. झाडावर खाट बांधली होती, खाटेवर बाप-लेक, त्या काळी घरात दोन बंदुका, एकेकाच्या हातात एकेक. माघातली संध्याकाळ. नर तुरीतून बाहेर आला, राखाडी, गळ्याशी पांढरा, आणि मान वर करून उभा राहिला. तात्यासाहेब कानाशी म्हणाले, आता. हेरंबने डोळे मिटले. बोट घोड्यावर होतं, पण बोटाने काही केलं नाही. बार झाला. इतका जवळ झाला, की एक क्षण त्यालाही वाटलं आपलाच. पण खांद्याला धक्का बसला नव्हता. डोळे उघडले तर जनावर आडवं होतं आणि वडील त्याच्या पाठीवर थाप मारत होते, शाब्बास, पाडलास. मग त्यांनी त्याच्या हातातली बंदूक काढून घेतली, पाठ वळवली, बंदूक मधोमध उघडून आतलं काडतूस काढलं आणि खिशात टाकलं. हे हेरंबने बघितलं. उडालेलं काडतूस हलकं असतं, भरलेलं जड. जन्मभर बंदूक हाताळलेल्या माणसाच्या बोटांना कळलं नसेल? की त्या गडबडीत, त्या आनंदात, खरंच कळलं नसेल? दोघांच्या बंदुका एकदमच उडाल्या आणि पोराची गोळी लागली, असं त्यांना मनापासून वाटलं असेल? टिळा लावताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. घरी आल्यावर आईने विचारलं, खांदा दुखतोय का रे? बंदुकीचा दणका बसतो म्हणतात. हेरंब म्हणाला, हो, दुखतोय. मग तीन दिवस आई तव्यावर फडकं तापवून त्याचा खांदा शेकत बसे, ज्याला काहीही झालेलं नव्हतं. तिचे हात भाजत, आणि तो उताणा पडून म्हणे, आता बरं वाटतंय. आई जाऊन अकरा वर्षं झाली. हल्ली दमला की हेरंबचा तोच खांदा खरोखर दुखतो. आता याला काय म्हणावं?

तर पस्तीस वर्षं हेरंबला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, हा म्हातारा जायच्या आत एकदा कळावं, की त्याला ठाऊक होतं की नव्हतं. ठाऊक असेल तर प्रत्येक दसऱ्याला पाहुण्यांसमोर तो लेकाची लाज झाकत होता, की लेकाला टोचत होता? आणि ठाऊक नसेल, तर एका भोळ्या माणसाला आपण जन्मभर फसवलं. दोन्हींपैकी कुठलंही चालेल, पण कळावं. आणि दुसरी गोष्ट, उत्कर्षला यातलं काही कधीच कळू नये. कारण उत्कर्ष लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून विचारायचा, बाबा, पहिल्या गोळीत? आणि हेरंब म्हणायचा, हो बेटा.

तात्यासाहेब आता चौऱ्याऐंशीचे. मांडीचं हाड मोडल्यापासून खुर्ची आणि पलंग एवढंच त्यांचं राज्य. डॉक्टर म्हणाला होता, हृदय दमलंय, जपा. पण डोकं शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. दिवाळीपासून त्यांनी धोशा लावला होता, उत्कर्षला सोळावं लागलं. हेरंबने कायदा सांगितला. कायदा मला नको शिकवू, ते म्हणाले, सावली गावाच्या पुढचा जशुभाई परमार रोझपायी रडतोय, सरपंचाची परवानगीची चिठ्ठी आहे, लायसन्स तुझ्या नावावर आहे, अजून काय हवं? चिठ्ठीत हेरंबचं नाव होतं, म्हणजे गोळी हेरंबनेच झाडायची. पण तात्यासाहेब चार वेळा म्हणाले, बोट पोराचं हवं. सेफ्टी ऑफिसरच्या घरात हे बोलणं! मोहनाला हेरंब म्हणाला, हा शुद्ध वेडेपणा आहे. मोहना शाळेत शिकवते, पेपर तपासता तपासता ती म्हणाली की आहेच वेडेपणा, पण त्यांचे दिवस किती राहिलेत, एकदा जाऊन बसून या, जनावर आलंच नाही म्हणून सांगा. उत्कर्षला विचारावं तर तो पोरगा कसला ठाव लागू देतोय. दोन वर्षांपूर्वी एका जैन मित्राच्या नादाने त्याने दोन महिने अंडंसुद्धा सोडलं होतं, मग एका पावभाजीच्या गाडीवर ऑम्लेट पाहून परत धरलं. आजोबांपाशी मात्र तासन्‌तास बसे. त्याला जायचंय का असं विचारलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, जाऊया ना बाबा.

रविवारी दुपारी दोघे निघाले. मोहनाने थेपले आणि लोणचं बांधून दिलं. तात्यासाहेबांनी उत्कर्षला जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं, पोराने मान डोलावली. हेरंबने ते बघितलं आणि त्याला वाटलं, बोट. बोटाबद्दलच सांगितलं असणार. गाडी चालवताना त्याने बेत ठरवून टाकला. काडतूस आपण भरायचं, बंदूक आपल्या हातात ठेवायची, जनावर आलंच तर त्याच्या डोक्यावरून बार काढायचा, गोळी चुकली म्हणायचं, मोकळं व्हायचं. बापाचा नेम चुकला तर पोराला काय, वय झालं म्हणेल. एकावन्न वय काही कमी नाही. रस्त्याकडेच्या तारांवर संक्रांतीचे फाटके पतंग अजून लोंबत होते. सावलीच्या अलीकडे कारखान्यांच्या भिंती, पलीकडे एरंडी आणि गहू. उत्कर्ष कानात काही न घालता गप्प बसला होता, हेच मुळी नवलाचं होतं. हेरंबला आठवलं की नव्वद साली उसन्या स्कूटरवर मागे बसून आपणही असेच गप्प होतो, आणि वडिलांच्या पाठीला घामाचा आणि बंदुकीच्या तेलाचा वास येत होता. आपल्या गाडीला कसला वास येतो? मोहनाने आणलेल्या त्या मोगऱ्याच्या बाटलीचा. पोराला पुढे काय आठवेल, तर मोगरा.

जशुभाई बांधावर वाटच बघत होता. पन्नाशीचा, बारीक, कानात मुरक्या. त्याने चहा पाजला आणि शेत दाखवलं. ओंब्या भरत आलेल्या गव्हात मोठमोठी खिंडारं पडली होती, खाल्लं त्याहून तुडवलेलं जास्त. शेताच्या कडेला नवाकोरा खड्डा होता, चांगला पुरुषभर खोल, सकाळीच मशीन लावून खणून घेतलेला. मेलेलं जनावर पुरायचं असतं, चिठ्ठीत तसं लिहिलेलं. म्हणजे सगळी तयारी चोख. फक्त मारणारा हवा होता. हेरंबने विचारलं की तुमच्या गावात दोघांकडे लायसन्स आहे, मग इतक्या लांबून आम्हाला का बोलावता? जशुभाई जमिनीकडे बघत म्हणाला, “साहेब, अमाराथी ना थाय. नाम ज गाय छे ने. तमे मराठा लोक, तमारे चाले.” नावातच गाय, म्हणून त्यांच्याने होत नव्हतं, मराठ्यांना चालत होतं. बोलण्यात वाईट काही नव्हतं, उलट मानच होता. त्याच्या बापाने तात्यासाहेबांना असंच बोलावलं असेल, आजाने आजोबांना. पाप कुणाच्या तरी अंगावर घालायचं तर ते दक्षिणेकडून आलेल्याच्या अंगावर घालावं, तो तलवार घेऊनच आलेला. हेरंबला वाटलं की याला सांगावं, अरे बाबा, मी कागद भरतो, मला झुरळ मारायचं तर मोहना मारते. जशुभाईने त्यांना लिंबाच्या झाडावरची मचाण दाखवली, दोन्ही हात जोडले, आणि बार ऐकू येऊ नये म्हणून गावातल्या देवळात भजनाला निघून गेला.

मचाणीवर दोघांना पुरेल एवढीच जागा होती. हेरंबने काडतुसं भरली, सुरक्षेचा खटका लावला, बंदूक मांडीवर आडवी ठेवली. उन्हं उतरली, थंडी जमिनीतून वर यायला लागली. पलीकडे महीची कोतरं, वाळलेल्या काटेरी झुडपांनी भरलेल्या त्या घळींतूनच रोझ येतात. उत्कर्षचा गुडघा हेरंबच्या गुडघ्याला टेकला होता आणि त्या गुडघ्याची ऊब कापडातून कळत होती. किती वर्षांत पोर इतकं जवळ बसलं नव्हतं! पाचवीत होता तोवर पाठीवर पडायचा. मग एक दिवस पडायचा थांबला. कुठला दिवस ते कुणी लिहून ठेवत नाही. कुठेतरी मोर ओरडला. हेरंबच्या मनात आलं की हे असंच राहावं, जनावर न येवो, अंधार पडो, आपण थेपले खाऊन घरी जावं. तेवढ्यात उत्कर्ष हळूच म्हणाला, “बाबा, त्या वेळी खांदा खूप दुखला होता?”

हेरंब म्हणाला, हो. हे उत्तर आपोआप आलं, पस्तीस वर्षांचा सराव. आणि ते तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला इतका कंटाळा आला, त्या ‘हो’चा, त्या खांद्याचा, आईच्या भाजलेल्या बोटांचा, की पुढचं तो ठरवून बोलला नाही. “नाही,” तो म्हणाला. “दुखला नव्हता. मी गोळी झाडलीच नव्हती. डोळे मिटले होते मी. आजोबांनी मारला तो.”

उत्कर्ष गव्हाकडेच बघत होता. “माहीत आहे,” तो म्हणाला.

कुणी सांगितलं, हे हेरंबने विचारलं की नुसतं त्याच्याकडे बघितलं, ते त्याला नंतर आठवेना. उत्कर्ष अडखळत, कुजबुजत सांगत गेला. आजोबांनी सांगितलं होतं. तो सातवीत असताना. तुझ्या बापाने डोळे मिटले होते, काडतूस तसंच होतं, माझ्या हाताला लागलं. पण त्याला वाटतं मला कळलं नाही, तेव्हा तू त्याच्यापाशी बोलू नकोस, त्याला लागेल. म्हणून तो बोलला नव्हता. आणि आज निघताना आजोबा कानात म्हणाले होते की बंदूक बापाच्याच हातात राहू दे, तू हात लावू नकोस, मागे बोट पोराचं हवं म्हणालो ते त्याला घराबाहेर काढायला. एकदा त्याच्या हातून होऊ दे. “म्हणाले, तू घेऊन जा त्याला,” उत्कर्ष म्हणाला, आणि जॅकेटची चेन वर-खाली करत राहिला.

म्हणजे पोराला शिकारीला आपण आणलं नव्हतं. पोराने आपल्याला आणलं होतं. हेरंबला आधी लाज वाटली, कानाच्या पाळ्या तापल्या. मग राग आला, म्हाताऱ्याचा, की सातवीतल्या पोराच्या डोक्यावर हे ओझं द्यायची काय गरज होती? आणि मला एका शब्दाने नाही. सगळ्या बडोद्याला खोटं, नातवाला खरं, आणि ज्याचं आहे त्याला काहीच नाही. मग राग ओसरून जे उरलं ते फार विचित्र होतं. चार दसरे उत्कर्ष त्या दिवाणखान्यात बसला होता. पाहुण्यांच्या मुलांत, जमिनीवर, मांडी घालून. आजोबा गोष्ट सांगत आणि हा पोरगा योग्य जागी विचारी, मग? मग काय झालं? हेरंबला तेव्हा वाटायचं, बिचाऱ्याला किती अभिमान आहे आपला. आणि तो सगळं माहीत असून, बापाची मान खाली जाऊ नये म्हणून, मग मग करत होता. अकरा-बारा वर्षांचं पोर! जो पहारा आपण एकट्याने केला असं वाटत होतं, तो तिघांनी केला होता, तीन वेगवेगळ्या दारांवर, एकमेकांकडे पाठ करून. हेरंबला पोराच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. पण हातात बंदूक होती.

आणि मग ते आले. तीन माद्या, एक पाडस, आणि मागून नर. कोतरातून वर चढून ते बांधावर थांबले, कान हलवले, आणि गव्हात उतरले. ओंब्या तुटण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. नर झाडाच्या समोर आला, तीस पावलं, फार तर. राखाडी, गळ्याशी पांढरा. हेरंबने खटका सरकवला, बंदूक खांद्याला लावली, आणि या खेपेला डोळे उघडे ठेवले. नेम बरोबर बसला होता. पुढच्या पायाच्या मागे, एक वीत वर. बोटावर घोड्याचं गार लोखंड होतं. त्याला वाटलं होतं की आता हात थरथरेल, छाती धडधडेल. तसं काही झालं नाही. तो नराकडे बघत होता, नर खात होता, त्याच्या जबड्याखाली एक ओंबी लोंबत होती. एक बोट दाबलं की पस्तीस वर्षांचं खोटं खरं झालं असतं. तात्यासाहेब सुखाने मेले असते. पोराला उरलेल्या आयुष्यभर काही झाकावं लागलं नसतं. हे सगळं त्याला लख्ख दिसत होतं, आणि तितकंच लख्ख हेही दिसलं, की आपल्याला हे करायचं नाहीये. सोळाव्यातही करायचं नव्हतं. भीती नव्हती ती. इतकी वर्षं आपण तिला भीती म्हणत आलो, कारण तात्यासाहेबांकडे तिला दुसरा शब्द नव्हता. हेरंबने बंदूक खाली घेतली, खटका लावला, आणि घरात बोलतात तशा साध्या आवाजात म्हणाला, “मला नाही मारायचा.”

आवाजासरशी पाचही डोकी वर झाली, आणि पुढच्या क्षणी ती जनावरं गव्हातून, खिंडारं आणखी रुंद करत, कोतरात उतरून गेली. उत्कर्षने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. तो रडला बिडला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, मग आजोबांना काय सांगायचं? हेरंब म्हणाला की खरं सांगायचं, आणि मी सांगेन.

जशुभाई देवळातून परतला तेव्हा ते गाडीपाशी थेपले खात होते. बार झालाच नाही हे त्याला हेरंबने सांगितलं, आणि माफीही मागितली. जशुभाईने गव्हाकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती की वैताग, ते त्यालाही ठरवता येईना. शेवटी म्हणाला की जाऊ द्या, खड्डा खताला होईल, आणि पोराला एक पिशवीभर ओला हरभरा दिला. परत येताना हेरंब मनात वाक्य जुळवत होता. तात्या, तुम्हाला ठाऊक होतं. तात्या, एवढंच तोंडाने म्हणा. पन्नाशी उलटलेला माणूस बापासमोर बोलायचं वाक्य पाठ करत होता, पाढे पाठ करावेत तसं, आणि हरणीच्या वळणावर ते त्याला अखेर पाठ झालं.

घरी आठला पोहोचले. तात्यासाहेब दाढी करून, धुतलेला सदरा घालून, दिवाणखान्यात खुर्चीवर बसले होते. मोहना स्वयंपाकघराच्या दारात उभी. हेरंबने बंदूक उतरवून कोपऱ्यात ठेवली आणि बूटही न काढता वडिलांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

“तात्या, नर समोर होता. मी नाही मारला. मुद्दाम नाही मारला,” तो म्हणाला. “आणि नव्वद सालीही मी मारला नव्हता. तुम्हाला ठाऊक आहे.”

तात्यासाहेबांनी आधी उत्कर्षकडे पाहिलं. मग म्हणाले, “उत्कर्ष, तू आत जा.” उत्कर्ष गेला नाही. बूट काढायच्या निमित्ताने दाराशीच बसून राहिला. तात्यासाहेबांचे हात खुर्चीच्या दांड्यांवरून घसरत होते, ते त्यांनी पुन्हा पुन्हा वर घेतले. “तुझा बाप दमलाय,” ते नातवाला म्हणाले, “दमला की माणूस काहीही बोलतो.” ज्या नातवाला त्यांनीच सगळं सांगितलं होतं त्याच्यासमोर ते लेकाची बाजू सावरत होते. मग त्यांनी हेरंबकडे मान वळवली. लिफ्टमधला तो ठसका आवाजात आता औषधालाही नव्हता.

“तुझीच होती ती शिकार,” ते म्हणाले. “मी सांगतो ना.”

हेरंब बघत राहिला. वडिलांचा खालचा ओठ हलत होता, आणि डोळे हेरंबवर असे लागले होते, की या माणसाने आजवर कुणापाशी काही मागितलं नसेल ते तो आता मागत होता. सायकल, डबा, कचेरी, कसर लागलेली मुंडकी. त्या सगळ्यात या माणसाकडे स्वतःचं म्हणून एवढंच होतं, एक संध्याकाळ आणि तीत उभा असलेला एक मुलगा. ती गोष्ट हेरंबची लाज झाकायला नव्हती, त्याला टोचायलाही नव्हती. हेरंबचा तिच्याशी संबंधच नव्हता. पाठ केलेलं शेवटचं वाक्य, एवढंच तोंडाने म्हणा, अजून ओठांवर होतं, ते एकदा म्हटलं की म्हाताऱ्याला हो म्हणावंच लागलं असतं. मोहना दारातून एक पाऊल पुढे आली. हेरंबने ते वाक्य गिळलं.

मग तो खाली बसला, उत्कर्षच्या शेजारी, आणि बुटाची नाडी सोडायला लागला. मोहना आत जाऊन पानं घेऊ लागली, भांड्यांचे आवाज आले. उत्कर्षने एक बूट काढून बाजूला ठेवला, बापाकडे न बघता दुसऱ्याला हात घातला आणि विचारलं, “मग आजोबा, तो नर किती पावलांवर होता?”

तात्यासाहेब दांड्यावरची बोटं उघडत-मिटत राहिले.

“तीस,” हेरंब म्हणाला. “तीस पावलांवर होता. तुरीतून बाहेर आला, मान वर केली, आणि मी पहिल्याच गोळीत पाडला.”

“पंचवीस,” तात्यासाहेब म्हणाले.